पतसंस्थेच्या जावा ॲपमध्ये ‘आत्ता कोण लॉगिन आहे’ ही यादी खरी कशी आणायची?

रानवारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एका सहकारी पतसंस्थेचं रोजच्या कामकाजाचं ॲप माझ्याकडे देखभालीला आलं आहे. जावा ८, साधे सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारे जावा क्लास) आणि जेएसपी (सर्व्हरवर जावाने तयार होणारी पानं), ते चालवणारा टॉमकॅट ९ सर्व्हर, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. स्प्रिंग वगैरे तयार फ्रेमवर्क काही नाही. मुख्य कार्यालय आणि शाखा धरून चाळीसेक कर्मचारी ते वापरतात.

संस्थेच्या दोन मागण्या आहेत. व्यवस्थापकांना एक स्क्रीन हवी आहे: आत्ता कोण लॉगिन आहे, कुठल्या शाखेतून, कधीपासून. आणि लेखापरीक्षकांनी शेरा मारलाय की एकाच आयडीने दोन संगणकांवर काम चालतं, ते बंद झालं पाहिजे. रोखपाल जेवायला गेला की शेजारचा त्याच्या आयडीने पावत्या काढतो. उद्या फरक निघाला तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

सध्याच्या कोडमध्ये एक सेशन-लिसनर आहे, म्हणजे सेशन (एका ब्राउझरसाठी सर्व्हर ठेवतो ती नोंद) सुरू झालं किंवा संपलं की टॉमकॅट ज्याला कळवतो तो क्लास. सेशन तयार झालं की स्टॅटिक काउंटर एकने वाढतो, सेशन संपलं की एकने कमी होतो. पण आकडे काहीच्या काही येतात. रात्री सगळ्या शाखा बंद असताना १८०-१८५ दाखवतो. आणि टॉमकॅट रीस्टार्ट केल्यावर अर्ध्या तासाने कधी कधी उणे आकडा येतो, उणे ३० वगैरे! लॉजिक इतकं सरळ असताना हे होतं कसं? आणि ही यादी करायची योग्य पद्धत कोणती?

हापूस | सोमवार, रात्री १०:०५

टॉमकॅटच्या मॅनेजर ॲपमध्ये सेशनच्या आकड्यावर क्लिक करा. प्रत्येक सेशनचा आयडी, तयार झाल्याची वेळ, शेवटच्या वापराची वेळ, किती वेळ पडून आहे, सगळं दिसतं. युजरचं नावही टॉमकॅट अंदाजाने दाखवतो. आधी तिथे बघा की ही १८० सेशन आहेत तरी कोणाची.

जुना_सर्व्हलेट | सोमवार, रात्री ११:२०

हापूस यांनी सांगितलंय ते पहिलं करा. मी मूळ गोष्टीवर लिहितो, कारण ती समजली की तुमचे दोन्ही आकडे आपोआप उलगडतील.

सेशन म्हणजे माणूस नव्हे, आणि लॉगिनही नव्हे. ब्राउझर आला, त्याच्याकडे जेसेशनआयडी नावाची कुकी (ब्राउझरने जपलेली सेशनची ओळख) नव्हती आणि तुमच्या कोडने सेशन मागितलं, की टॉमकॅट नवीन सेशन काढून देतो. समोर रोखपाल आहे, बॉट आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यात जेएसपीची गंमत अशी की पानावर वेगळं काही लिहिलं नसेल तर प्रत्येक जेएसपी पान स्वतःहून सेशन उघडतं. म्हणजे लॉगिनचं पान नुसतं उघडलं, पासवर्ड टाकलाच नाही, तरी काउंटर वाढला.

संपण्याची बाजू तर आणखी सैल आहे. युजरने लॉगआउट दाबलं तरच सर्व्हरला लगेच कळतं. ब्राउझर बंद केला, वीज गेली, नेट तुटलं, यातलं काहीही सर्व्हरला कोणी कळवत नाही. गावच्या वाचनालयातल्या हजेरीवहीसारखं आहे हे: आत येताना सगळे सही करतात, जाताना कोणी करत नाही. म्हणून सर्व्हर ठरावीक वेळ वाट बघतो आणि मग सेशन मोडीत काढतो. टॉमकॅटमध्ये ही मुदत मुळात ३० मिनिटं आहे. वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये ती मिनिटांत लिहायची असते आणि कोडमधून सेट केली तर सेकंदांत, हा फरक ध्यानात ठेवा. शिवाय मुदत संपलेली सेशन शोधायचं काम मागे समांतर चालणाऱ्या थ्रेडमध्ये साधारण मिनिटाला एकदा होतं, त्यामुळे लिसनरला खबर थोडी उशिराच लागते.

आता मला एक सांगा. तुमचा सर्व्हर जिवंत आहे का हे तपासणारं काही मॉनिटरिंग लावलंय का? ते कुठल्या पानावर येतं आणि किती वेळाने?

रानवारा | मंगळवार, सकाळी १०:१५

हो, आहे. होस्टिंगवाल्यांनी लावलंय. लॉगिनच्या पानावर दर १० सेकंदांनी येतं. मॅनेजरमध्ये पाहिलं, जवळजवळ सगळी सेशन एकेका विनंतीची आहेत. तयार झाल्याची वेळ आणि शेवटच्या वापराची वेळ एकच.

जुना_सर्व्हलेट | मंगळवार, सकाळी १०:५०

मग हिशेब करा. मॉनिटर कुकी सांभाळत नाही, म्हणजे प्रत्येक खेपेला नवीन सेशन. दर १० सेकंदांनी एक, मिनिटाला ६, आणि प्रत्येक सेशन ३० मिनिटं जगतं. १८०. वर साफसफाईला होणारा मिनिटभराचा उशीर धरला की १८५ पर्यंत जातं. तुमचा रात्रीचा आकडा हाच.

उपाय सोपा. मॉनिटरला वेगळा छोटा सर्व्हलेट द्या, ज्यात सेशनला हातच लावायचा नाही. जमल्यास त्यात डेटाबेसला एक साधी क्वेरी मारा, म्हणजे तपासणीही खरी होईल. आणि लॉगिनच्या जेएसपीवर पेज डायरेक्टिव्हमध्ये सेशन फॉल्स करा, म्हणजे ते पान स्वतःहून सेशन उघडणार नाही.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी १:३०

उणे आकड्याचं मी सांगतो. टॉमकॅट नीट बंद केला तर तो चालू सेशन एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. वर्क फोल्डरमध्ये शोधा, ‘सेशन्स डॉट एसईआर’ नावाची फाइल असते. पुन्हा चालू झाला की ती वाचून सेशन परत उभी करतो, म्हणून रीस्टार्टनंतरही लोकांना परत लॉगिन करावं लागत नाही.

पण अशी परत उभी केलेली सेशन ‘नवीन’ नसतात, म्हणून सेशन-क्रिएटेड ही लिसनरला मिळणारी ‘सेशन तयार झालं’ची खबर त्यांच्यासाठी येत नाही. तुमचा स्टॅटिक काउंटर मात्र शून्यापासून सुरू झालेला असतो. अर्ध्या तासाने जुनी सेशन संपायला लागतात, ‘सेशन संपलं’ सांगणारा सेशन-डिस्ट्रॉइड इमानेइतबारे येतो आणि आकडा शून्याखाली जातो. आणि प्रोसेस किल केली किंवा मशीनच बंद पडलं तर उलटा प्रकार: फाइलही नाही, डिस्ट्रॉइडही नाही.

टॉमकॅट ९ मध्ये हे नको असेल तर ॲपच्या कॉन्टेक्स्ट सेटिंगमधल्या मॅनेजरचा पाथनेम रिकामा ठेवायचा. टॉमकॅट १०.१ पासून हे जपून ठेवणं मुळातच बंद असतं. पतसंस्थेच्या ॲपला मी तरी ते बंदच ठेवेन. रीस्टार्टनंतर सगळ्यांनी नव्याने लॉगिन करणं जास्त स्वच्छ.

वैनगंगा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

काउंटर काढूनच टाका. मोजायचं असेल तर लॉगिन मोजा.

यासाठी सर्व्हलेटमध्येच चांगली सोय आहे, पण फार जण वापरत नाहीत. युजरची माहिती ठेवणारा छोटा क्लास करा: युजर कोड, शाखा, लॉगिनची वेळ. त्यावर सेशन-बाइंडिंग-लिसनर इम्प्लिमेंट करा. पासवर्ड बरोबर निघाला की ते ऑब्जेक्ट सेशनमध्ये ठेवायचं. ठेवल्याबरोबर त्याच ऑब्जेक्टवर व्हॅल्यू-बाउंड येतं, तिथे यादीत नाव घाला. लॉगआउट असो की मुदत संपणं, व्हॅल्यू-अनबाउंड येतंच, तिथे नाव काढा. मॉनिटर, बॉट, नुसतं लॉगिनचं पान उघडणारे, हे सगळे आपोआप बाहेर राहतात, कारण त्यांच्या सेशनमध्ये हे ऑब्जेक्ट कधी जातच नाही. वेब डॉट एक्सएमएलमध्ये या लिसनरची नोंदसुद्धा करावी लागत नाही.

यादी सर्व्हलेट-कॉन्टेक्स्टमध्ये (सगळ्या ॲपची सामायिक जागा) ठेवा आणि ती कॉन्करंट-हॅश-मॅपच हवी. साधा हॅश-मॅप एकाच वेळी अनेक थ्रेडनी बदलला तर कधीतरी बिघडतो आणि नेमका गर्दीच्या वेळी बिघडतो. जुन्या पुस्तकांत आणि नेटवर ‘सर्व सेशन मिळवा’ म्हणून सेशन-कॉन्टेक्स्टचा वापर सापडेल, त्याच्या नादी लागू नका. सुरक्षेच्या कारणाने तो सर्व्हलेट २.१ पासूनच बाद आहे.

यादीत सेशनचं ऑब्जेक्ट ठेवायचा मोह होईल, म्हणजे व्यवस्थापकाला ‘बाहेर काढा’ बटण देता येईल. ते टाळा. एखादी नोंद काढायची राहिली की ते सेशन आणि त्यातला सगळा पसारा मेमरीत अडकून राहतो. बाहेर काढायचा चांगला मार्ग उद्या लिहिते.

रानवारा | मंगळवार, रात्री ८:००

वैनगंगाताई, व्हॅल्यू-अनबाउंडची ही सोय माहीतच नव्हती. मनापासून आभार. दुसऱ्या मागणीचं काय करू? एक आयडी आधीच लॉगिन असेल तर दुसऱ्या संगणकावर ‘आधी तिकडे लॉगआउट करा’ असा संदेश देऊन अडवावं, असं लेखापरीक्षकांचं म्हणणं आहे.

चिंचोका | मंगळवार, रात्री ८:२५

अडवणंच बरोबर आहे. आधीच्या माणसाचं काम अर्धवट असताना त्याला बाहेर फेकलं तर भरलेली पावती जाईल. बँकिंगमध्ये शिस्त हवी.

कोकणकडा | मंगळवार, रात्री ९:४५

@चिंचोका, शिस्तीबद्दल दुमत नाही, पण हा मार्ग शाखेत टिकत नाही. मी ग्रामीण शाखांचं काम पाहतो म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

सोमवार, बाजाराचा दिवस. काउंटरवर पंधरा माणसं उभी. वीज जाते, यूपीएसची बॅटरी दमलेली, संगणक बंद. पाच मिनिटांनी वीज येते, रोखपाल लॉगिन करायला जातो आणि स्क्रीन म्हणते, आधी तिकडे लॉगआउट करा. ‘तिकडे’ म्हणजे हाच संगणक! सर्व्हरच्या लेखी जुनं सेशन अजून जिवंत आहे आणि अर्धा तास जिवंत राहणार आहे. तो काय करणार? शेजारच्या लिपिकाचा आयडी मागणार. म्हणजे लेखापरीक्षकांना जे बंद करायचं होतं, तेच आपण त्याला करायला लावलं.

नवीन लॉगिनला मान द्या, जुनं बाद करा. जुन्या संगणकावर पुढचं क्लिक झालं की स्पष्ट सांगा: ‘तुमच्या आयडीने ११:४२ वाजता दुसऱ्या संगणकावरून लॉगिन झालं आहे. ते तुम्ही केलं नसेल तर शाखाधिकाऱ्यांना कळवा.’ हा संदेश स्क्रीनवर येतो, हाच सगळ्यात मोठा धाक. आयडी उसना दिला की काम आपलंच तुटतं, हे कळल्यावर लोक आयडी द्यायचे थांबतात.

अर्धवट पावतीचा चिंचोका यांचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी पावती मसुदा म्हणून सर्व्हरवर जपा, लॉगिन झालं की ‘अपूर्ण पावती आहे, पुढे चालू ठेवू?’ असं विचारा. कुलूप हा त्यावरचा इलाज नाही.

चिंचोका | मंगळवार, रात्री १०:१०

वीज जाण्याचा मुद्दा पटला. मी शहरातल्या एका कार्यालयापुरता विचार करत होतो. मसुद्याची सोय असेल तर जुनं बाद करणंच योग्य.

वैनगंगा | बुधवार, सकाळी ९:३०

आता जुनं बाद करायचं कसं ते. युजरच्या टेबलात ‘चालू लॉगिन’ असा एक कॉलम घ्या. यशस्वी लॉगिनला सिक्युअर-रँडमने (अंदाज बांधता न येणारे आकडे देणारा जावाचा क्लास) एक नवीन लांब क्रमांक तयार करा, तो या कॉलममध्ये लिहा आणि सेशनमधल्या त्या ऑब्जेक्टमध्येही ठेवा. मग एक फिल्टर: प्रत्येक विनंतीला सेशनमधला क्रमांक आणि टेबलातला क्रमांक ताडून बघायचा. जुळला तर पुढे, नाही तर सेशन बाद आणि कोकणकडा यांनी लिहिलेला संदेश.

दुसऱ्या संगणकावरून लॉगिन झालं की टेबलातला क्रमांक बदलतो आणि जुन्या सेशनचा क्रमांक आपसूक शिळा होतो. व्यवस्थापकाचं ‘बाहेर काढा’ बटण म्हणजे हा कॉलम रिकामा करणं, इतकंच. उद्या दुसरा टॉमकॅट जोडलात तरी हे चालतं, कारण खरी गोष्ट डेटाबेसमध्ये आहे. मेमरीतली मॅप ज्या त्या जेव्हीएमपुरतीच (चालू जावा प्रोसेसपुरतीच) असते, एका सर्व्हरला दुसऱ्यावरचे लोक दिसत नाहीत. प्रत्येक विनंतीला एक प्रायमरी-की क्वेरी वाढेल, पण चाळीस माणसांसाठी मायएसक्यूएलला ते जाणवणारही नाही.

लॉगिन यशस्वी झाल्यावर लगेच चेंज-सेशन-आयडी करायला विसरू नका. सर्व्हलेट ३.१ पासून ती मेथड आहे, टॉमकॅट ९ मध्ये मिळेलच. नाहीतर कोणी आधी स्वतःचा सेशन आयडी एखाद्याच्या ब्राउझरमध्ये घुसवून ठेवला आणि त्याने त्यावरच लॉगिन केलं, तर पहिला माणूसही त्याच सेशनने आत येतो. यादीची किल्ली म्हणून सेशन आयडी वापरला असेल तर तो इथे बदलतो, म्हणूनही आपला स्वतंत्र लॉगिन क्रमांक बरा.

हापूस | बुधवार, सकाळी ११:००

कोणी हे वाचून स्प्रिंग सिक्युरिटीत करणार असेल तर तिथे हे तयार मिळतं: मॅक्झिमम-सेशन्स एक केलं की मुळात जुनंच बाद होतं, नवीन अडवायचं असेल तर वेगळा पर्याय चालू करावा लागतो. दोन गोष्टी मात्र हमखास राहतात. सेशन-इव्हेंट-पब्लिशर नोंदवला नाही तर सेशन संपल्याची खबर रजिस्ट्रीला (स्प्रिंगकडची चालू सेशनची यादी) पोचत नाही. आणि युजर-डीटेल्सचा स्वतःचा क्लास असेल तर इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का हे ठरवणाऱ्या मेथड) लिहावेच लागतात, नाहीतर तोच माणूस प्रत्येक लॉगिनला वेगळा धरला जातो आणि मर्यादा लागूच होत नाही.

रानवारा | बुधवार, रात्री ९:१५

क्रमांकाची पद्धत पटली, लावायला घेतली आहे. व्यवस्थापकांचा हट्ट आहे की कर्मचाऱ्याने ब्राउझर बंद केला की त्याच क्षणी यादीतून नाव जावं. जावास्क्रिप्टने पान बंद होताना लॉगआउटची विनंती पाठवता येईल ना?

जुना_सर्व्हलेट | बुधवार, रात्री १०:४०

पाठवता येईल, पण करू नका. पान ‘बंद’ होण्याची घटना रीफ्रेशला येते, दुसऱ्या दुव्यावर जाताना येते, दोनांपैकी एक टॅब बंद केला तरी येते. माणूस कामात असताना लॉगआउट होईल. आणि वीज गेली किंवा मोबाइलवर ॲप मारलं तर ती घटना येणारच नाही. ज्या प्रसंगासाठी हवी, नेमकी त्याच वेळी गैरहजर.

व्यवस्थापकांना वेगळी स्क्रीन द्या. ‘लॉगिन आहे / नाही’ हा कॉलम काढा आणि ‘शेवटची हालचाल’ दाखवा. दोन मिनिटांपूर्वी, अकरा मिनिटांपूर्वी. सर्व्हरला खात्रीने ठाऊक असलेली गोष्ट एवढीच आहे, आणि व्यवस्थापकाला पाहिजे असलेलं उत्तरही त्यातच आहे.

इथे एक खाचखळगा आहे. तुमच्या ॲपमध्ये वर सूचनांची घंटा वगैरे आहे का, जी दर मिनिटाला गुपचूप सर्व्हरला विचारते? तशी असेल तर माणूस घरी गेला तरी उघड्या पानातून विनंत्या येत राहतात, प्रत्येक विनंतीने मुदत पुन्हा सुरू होते आणि सेशन रात्रभर मरत नाही. म्हणून शेवटच्या हालचालीची वेळ टॉमकॅटकडून न घेता फिल्टरमध्ये स्वतः ठेवा, आणि घंटेची विनंती त्यात धरू नका. त्या वेळेपासून १५ मिनिटं उलटली की फिल्टरनेच सेशन बाद करायचं. डेटाबेसमध्ये ही वेळ प्रत्येक क्लिकला लिहायची गरज नाही, मिनिटातून एकदा पुरे.

परदेशी_पाखरू | गुरुवार, पहाटे २:३०

म्युनिकमधून वाचतोय. एक वेगळा मुद्दा. ही स्क्रीन नेमकी कशासाठी वापरणार, हे संस्थेकडून आधी लेखी घ्या. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवू शकेल अशी कुठलीही तांत्रिक सोय आणायची तर कामगार परिषदेशी ठरवावं लागतं, तसा कायदाच आहे. आपल्याकडे ती तरतूद नसली तरी धोका तोच: सुरक्षेसाठी केलेली यादी उद्या हजेरी आणि पगारकपातीला वापरली जाते. लिपिक अर्धा तास ठेवीदाराशी बोलत बसला, तर ‘शेवटची हालचाल ३० मिनिटांपूर्वी’ दिसेल. तो रिकामा नव्हता.

कोकणकडा | गुरुवार, सकाळी १०:२०

@परदेशी_पाखरू, अगदी मनातलं लिहिलंत. मी त्या स्क्रीनवर फक्त चालू दिवस दाखवतो आणि तिचा एक्सेल निघत नाही. इतिहास वेगळ्या टेबलात, तो लेखापरीक्षक आणि ॲडमिनलाच.

त्या इतिहासात युजर, शाखा, आयपी, लॉगिनची वेळ, शेवटची हालचाल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवट कसा झाला ते लिहा: स्वतः बाहेर, मुदत संपली, दुसरीकडून लॉगिन, ॲडमिनने काढलं, सर्व्हर बंद. टॉमकॅट सुरू होताना ज्या नोंदींना शेवट नाही त्या सगळ्यांवर ‘सर्व्हर बंद’ मारा. लेखापरीक्षक सगळ्यात आधी ‘दुसरीकडून लॉगिन’ असा शेवट असलेल्या नोंदी बघतात, कारण आयडीची उसनवारी तिथे उघडी पडते.

टॉमकॅटसमोर एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (विनंत्या घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर) असेल तर आयपी सगळ्यांचा एकच दिसेल. मूळ आयपी मिळवून देणारा टॉमकॅटचा रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह लावा, पण तो आयपी ज्यात येतो तो फॉरवर्डेड हेडर फक्त तुमच्या प्रॉक्सीकडून आलेलाच खरा माना, तो कोणीही हाताने भरून पाठवू शकतो. आणि एका शाखेचे सगळे संगणक एकाच आयपीने बाहेर पडतात, म्हणून आयपीवरून शाखा कळेल, खुर्ची नाही कळणार.

लॉग किती दिवस ठेवायचे हे आपल्या मर्जीवर नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवून ठेवायची असतात. ‘११:४२ ला लॉगिन झालं’ या वाक्याला वजन यायचं तर घड्याळ बरोबरच हवं.

वैनगंगा | गुरुवार, दुपारी १२:०५

कोकणकडा यांना जोड: लॉगमध्ये जेसेशनआयडी जसाच्या तसा लिहू नका. तो ज्याच्या हाती लागला तो पासवर्डशिवाय आत. ओळख पटवायला लागलाच तर त्याचा शा-२५६ हॅश लिहा, त्यावरून मूळ आयडी काढता येत नाही. कुकीला एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये म्हणून) आणि सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जावी म्हणून) लावा, आणि ट्रॅकिंग-मोड फक्त कुकी ठेवा, म्हणजे पत्त्याच्या शेपटीला सेशन आयडी लागून तो व्हॉट्सॲपवर फिरणार नाही.

रानवारा | रविवार, संध्याकाळी ६:३०

चाचणी सर्व्हरवर सगळं लावलं. बाइंडिंग-लिसनर, फिल्टर, इतिहासाचं टेबल. मॉनिटरला वेगळा सर्व्हलेट दिल्यावर रात्रीचा आकडा शून्य येतोय. दोन संगणकांवर एक आयडी टाकून पाहिला, पहिल्यावर वेळेसकट संदेश आला. व्यवस्थापकांनी ‘शेवटची हालचाल’ मान्य केली आणि हजेरीला वापरणार नाही हे पत्रात दिलं.

एकच अडलंय. मार्चअखेरची व्याज आकारणी एका क्लिकवर चालते आणि वीस मिनिटं घेते. सेशनची मुदत आता १५ मिनिटं केली आहे. काम चालू असतानाच युजर बाहेर जातोय.

जुना_सर्व्हलेट | रविवार, रात्री ८:१०

बरोबर, कारण टॉमकॅट मुदत मोजतो ती विनंती सुरू झाल्यापासून. विनंती अजून चालू आहे म्हणून सेशन राखून ठेवायचं, हे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये नाही. त्यासाठी मुदत वाढवू नका, तेवढ्याकरता सगळ्या शाखांची खिडकी उघडी राहील. व्याज आकारणी विनंतीतून बाहेर काढा. क्लिक झालं की कामाची नोंद टेबलात करायची, एक्झिक्युटरच्या (मागे काम चालवणारी जावाची सोय) थ्रेडवर काम सोडायचं आणि युजरला लगेच उत्तर द्यायचं. कोणी सुरू केलं तो युजर कोड त्या नोंदीत लिहा आणि थ्रेडमध्ये सेशनला हात लावू नका, ते मध्येच संपलेलं असू शकतं. ‘किती खाती झाली’ विचारणारी विनंती घंटेसारखीच हालचालीतून वगळा. तो मध्येच बाहेर गेला तरी काम चालू राहील, परत लॉगिन केल्यावर त्याला निकाल दिसेल. आणि त्याच वर्षाची आकारणी आधीच चालू असेल तर दुसरी सुरू होऊ देऊ नका, टेबलात वर्षावर युनिक-की टाका, म्हणजे त्याच वर्षाची दुसरी नोंद डेटाबेसच घेणार नाही.

रानवारा | रविवार, रात्री ८:३५

युनिक-की वर्ष आणि शाखा दोन्हींवर टाकतो, शाखानिहाय आकारणी वेगवेगळ्या दिवशी होते. उद्यापासून हेच घेतो हातात.